अप्पांची छाप

अप्पांना नवीन काही सांगता येत नाही. सांगायला जावं तर ते त्यांना आधीच माहीत असतं. आणि खरोखरच माहीत नसलं, तर आपलं सांगून होईपर्यंत माहीत झालेलं असतं. पुढच्या खेपेला तीच गोष्ट ते आपल्याला ऐकवतात, आणि इतक्या जिव्हाळ्यानं ऐकवतात की मध्येच 'अप्पा, हे मीच सांगितलं होतं' म्हणायला जीभ रेटत नाही.

एकदा लोकलच्या गर्दीत माझं पाकीट मारलं गेलं. मावशीकडे तिकोणा पेठेत गेलो तेव्हा ही हकिगत मी सविस्तर सांगितली. शेजारचे अप्पा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मधूनमधून 'हं' म्हणत होते, एवढंच. दिवाळीनंतर पुन्हा गेलो तर अप्पाच मला म्हणाले, "लोकलमध्ये खिसा सांभाळत जा बरं का. माझं पाकीट गेलं ना! आत तीनशे रुपये आणि मावशीच्या औषधाची चिठ्ठी. पण मी सोडतोय व्हय? तळेगावपर्यंत पाठलाग केला." पाकीट माझं, तीनशे रुपये माझे. पाठलाग तेवढा अप्पांचा, आणि खरं सांगायचं तर त्यानं गोष्टीला रंग चढला होता. माझा चोर नुसताच गर्दीत नाहीसा झाला होता. एक मात्र अप्पांच्या हातून राहून गेलं. औषधाची चिठ्ठी मावशीच्याच नावावर राहिली. अप्पांना मावशी नाही.

यावरून अप्पा खोटं बोलतात असं कुणी समजू नये. खोटं बोलणाऱ्याला सगळं पहिल्यापासून रचावं लागतं. अप्पांचा तेवढा धीर नाही. त्यांना तयार माल लागतो. त्यावर स्वतःचं नाव घालायचं काम ते आनंदानं करतात. अशी माणसं सगळीकडे आहेत. ऑफिसात ती साहेब होतात, साहित्यात संपादक होतात. तिकोणा पेठेतल्या या नमुन्याची जास्त चौकशी करावीशी वाटते ती एवढ्यासाठी, की या कलेला दोन हजार वर्षांचा राजाश्रय आहे हे अप्पांना ठाऊक आहे. ते त्यांना कुणी सांगितलं, हे विचारायचं नाही.

पेठ किल्ल्याच्या पायथ्याला. कामशेतवरून पवनानगरला यायचं, जुन्या माणसांच्या भाषेत काळे कॉलनीला, आणि तिथून पुढं. खाली पवना धरणाचं पाणी, पलीकडे तुंग, एका अंगाला लोहगड-विसापूर, आणि डोक्यावर तिकोणा. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, पाण्याकाठी तंबू लागतात, रात्री शेकोटी आणि गिटार. अप्पांचं घर गडाच्या वाटेवरच. चढणारी पोरं तिथं बाटल्या भरून घेतात, उतरणारी बुटातला खडा काढायला टेकतात. चढणाऱ्यांना अप्पा धरत नाहीत. त्यांच्यात दम असतो, ती निसटतात. उतरणाऱ्यांचे पाय थरथरत असतात. त्यातल्या कुणी एकदा बूट काढला की त्याला पुरंदरचा तह ऐकून घ्यावाच लागतो. १६६५ साली महाराजांनी मोगलांना जे २३ किल्ले दिले त्यात तिकोणा होता, हे खरंच आहे. पण अप्पा ते अशा आवाजात सांगतात, की यादी करताना त्यांना विचारलं असतं तर तिकोणा तरी वाचला असता.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण बसले की डावा हात अजून पोटाशी जातो, जिथं चामडी पिशवी असायची तिथं. आयुष्यभर नाणी हाताळलेली. नाणं अंगठ्याच्या नखावरून उडवायचं आणि पडायच्या आत आवाजावरून खरं-खोटं सांगायचं, हा त्यांचा खेळ पेठेतल्या पोरांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलाय. तिकिटांच्या ट्रेसारखा एक पत्र्याचा डबा त्यांनी करून घेतला आहे. त्यात तिकिटं दरानुसार लावावीत तशी नाणी लावलेली: शिवराई, ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, राणीछाप रुपया, कमळाचा पितळी वीस पैसा, ज्यात सोनं आहे असं अप्पांच्या बायकोला, काकूंना, अजून वाटतं. प्रत्येक नाण्याला एक गोष्ट आहे आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी आहे. शिवराई मूळ माझ्या मावशीच्या परसात सापडली होती. ती आता अप्पांच्या आजोबांना गडावर टाक्यातला गाळ काढताना मिळाली.

मावशीला याचा राग येत नाही, कारण तिचा राग तांब्यावर खर्च झालेला आहे. तांब्याची हकिगत अशी. मावशीच्या घरभरणीला अप्पांनी स्टीलचा तांब्या दिला, नाव घातलेला. भांड्यांवर नावं घालणारे पूर्वी जत्रेत पालं ठोकून बसायचे, आता दुकानातच यंत्र असतं, टिंबाटिंबांची अक्षरं. तांब्याच्या गळ्याशी लिहिलं होतं, 'सप्रेम भेट, अप्पा व काकू'. मावशी तो पहिल्यांदा घासायला बसली तेव्हा 'अप्पा'च्या पोटात तिला 'सौ.' दिसलं. तिनं चष्मा मागवला. चिंच लावून पुन्हा घासला. 'काकू'च्या पायाखालून एक तारीख वर आली. ती अप्पांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची होती, आणि 'सौ.'च्या पुढचं नाव मावशीचं स्वतःचं होतं. तिनंच दिलेला तांब्या. विचारल्यावर अप्पा जराही गडबडले नाहीत. "वहिनी," ते म्हणाले, "चांगली वस्तू चार घरं फिरावी." तांब्या मावशीच्या फळीवर दर्शनी ठेवलेला आहे. अप्पा पाणी प्यायला आले की तोच पुढं होतो, अक्षरांची बाजू त्यांच्याकडे करून.

पुतण्यानं वाटेवर घरगुती जेवणाची सोय काढली तेव्हा पाटीही अप्पांनीच मिळवून दिली, फुकट. कुठल्याशा निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचा पत्रा होता. त्यावर पांढरा हात मारून अप्पांनी 'पिठलं, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात' असं रंगवून घेतलं. मावळातल्या पावसापुढं असला रंग टिकत नाही. दुसऱ्या श्रावणात 'पिठलं'मधून एक डोळा बघायला लागला आणि 'भाकरी'च्या खाली जोडलेले हात दिसू लागले. पुतण्या पाटी बदलणार होता, पण गिऱ्हाइकांना वाटलं, स्वागतच आहे. धंदा वाढला. उमेदवाराला निवडणुकीत मिळाला नव्हता तेवढा प्रतिसाद पिठल्याला मिळाला.

अशा तयारीच्या माणसाला एके दिवशी नहपान भेटला. बेडशाची लेणी बघायला आलेले एक प्राध्यापक चार विद्यार्थी घेऊन किल्ल्यावर जाऊन आले आणि ओट्यावर टेकले. चहा होईपर्यंत ते पोरांना जोगळटेंभीच्या नाण्यांबद्दल सांगत होते. अप्पा सुपारी कातरत होते. मधूनमधून 'हं' म्हणत होते.

जोगळटेंभी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यात, दारणा आणि गोदावरीच्या संगमाजवळ. तिथं १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, थोडाथोडका नव्हे, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. सगळी नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचं तोंड, त्याभोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठीत राजाचं नाव. नाणं लहानसं, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. नवल पुढंच आहे. यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर, म्हणजे दोन तृतीयांशांपेक्षा जास्त नाण्यांवर, दुसऱ्याच राजाचा ठसा मारलेला होता. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला आणि त्याची नाणी वितळवत न बसता तशीच्या तशी पुन्हा ठोकली. तोंडाच्या बाजूवर तीन कमानींचा डोंगर आणि भोवती स्वतःचं नाव. मागच्या बाजूला अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं, ज्याला अभ्यासक उज्जैन चिन्ह म्हणतात. रेव्हरंड स्कॉट यांनी हा साठा तपासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं.

अप्पांकडे ही हकिगत फार दिवस मूळ रूपात राहिली नाही. पहिल्या शनिवारी "एका प्रोफेसरांनी सांगितलं" असं होतं. दुसऱ्या शनिवारी "एका प्रोफेसरांना मी म्हटलं" असं झालं. पावसाळा संपता संपता प्राध्यापक गळाले आणि स्कॉटसाहेब उरले. साहेबाची गोष्ट मात्र अप्पा सहसा काढून घेत नाहीत, साहेब असला की गोष्टीला वजन येतं. साठा कुणाला सापडला हे दर आठवड्याला बदलतं. कधी गुराखी, कधी विहीर खणणारा वडार, आणि श्रोत्यांत बाया जास्त असल्या तर भांडी घासायला नदीवर गेलेली म्हातारी. "एवढी नाणी सापडली तर काय करायचं?" असं कुणी विचारलंच तर अप्पा ताठ बसतात. "दहा रुपयांवरचं काहीही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. १८७८ चा कायदा आहे." एका पोरानं भीतभीत सांगितलं, मला आत्ता वाटेत पाच रुपये सापडले. अप्पांनी विचार केला आणि म्हणाले, "पाच असतील तर ठेव."

राजानं नाणी का वितळवली नाहीत, याचं अप्पांचं उत्तर मात्र मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. "हे बघ," ते म्हणाले, "कामशेतची गाडी पवनानगरला आली. आता ती परत कामशेतला जायची. काय करतो आपण? गाडी मोडतो? पाटी बदलतो. गाडी तीच, डायवर तोच, शिटा त्याच. लोकांना पाटी बघायची असते." याच्यापेक्षा नेमकं मलाही सांगता येणार नाही. चांदी वितळवायची, शुद्ध करायची, चकत्या ओतायच्या, वजनं जुळवायची, याला टाकसाळ लागते, कारागीर लागतात आणि वेळ लागतो. जुनं नाणं तापवून ठशावर ठेवलं आणि वरून घण घातला की दोन्ही बाजूंनी नवा राजा. शिवाय प्रत्येक नाण्याबरोबर बातमी जाते: काल ज्याचं तोंड इथं होतं तो गेला. इसवी सन १३२ ते १३५ या काळात रोमविरुद्ध उठलेल्या बार कोखबाच्या ज्यू बंडखोरांनीही तेच केलं. रोमन दिनारांवर स्वतःचे ठसे मारले, आणि कित्येक नाण्यांत सम्राटाचं डोकं आजही खालून दिसतं.

ते खालून दिसणं हीच या नाण्यांची खरी गंमत. घण जरा हलका पडला, नाणं जरा सरकलं, की नहपान उरतो. मोठं करून छापलेला फोटो पाहिला तर डोंगराच्या कमानीतून नाक आलेलं असतं. एखाद्यात सातकर्णीच्या नावाची अक्षरं आणि ग्रीक अक्षरं एकमेकांत पाय अडकून पडलेली. एखाद्यात वेणीसारखे केस डोंगराच्या उतारावरून खाली आलेले. नऊ हजार नाण्यांवर घण घालणाऱ्या त्या कारागिराला सकाळी उत्साह असणार आणि दुपारी जेवल्यावर नसणार. दुपारची नाणी ओळखू येतात असं मला उगाचच वाटतं. अप्पांच्या दुपारच्या गोष्टीही ओळखू येतात. त्यात मावशीची चिठ्ठी राहून जाते.

तीन कमानींचा डोंगर, दोन खाली आणि एक वर, म्हणजे काय यावर विद्वानांचा काथ्याकूट आहे. अप्पांचा नाही. "हा तुंग, हा लोहगड, आणि वर बसलाय तो आपला तिकोणा." आणि चार वर्तुळं? "चार रस्ते. कामशेत, लोणावळा, पौड आणि जवण." उज्जैनचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "तिथं गाडी बदलावी लागते."

नहपानाच्या नाण्यांवरची तोंडं एकसारखी नाहीत. कुठं कोवळा तरणा, कुठं गालफडं बसलेला म्हातारा, कुठं नाक बाकदार, कुठं सरळ. ही एकाच माणसाची तोंडं असणं शक्य नाही, घराण्यातल्या निरनिराळ्या माणसांची असावीत आणि नाव तेवढं नहपानाचं, असं स्कॉट यांना वाटलं होतं. अप्पांना हे पटत नाही. त्यांनी हजारो पासांवरचे फोटो तपासलेले आहेत. "कुणाचा फोटो कुणासारखा असतो? मी कधी कुणाला उतरवलं नाही." मला वाटतं, इथं अप्पा स्कॉटच्या पुढं आहेत.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट नहपानाच्या जावयाची, उषवदाताची. नाशिकच्या दहाव्या लेण्यात त्याचा दानलेख आहे. तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, त्यानं भिक्षूंसाठी कायम ठेवले: दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक दरानं, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्यानं. त्याच लेण्यात सत्तर हजार कार्षापणांचा हिशोबही आहे. पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे दोन हजार सुवर्ण. अप्पा हे सांगताना डोळे मिटतात. "पस्तिसाला एक! सुट्टे देताना त्या कंडक्टरचे काय हाल होत असतील." पाऊण टक्का त्यांना खटकतो. दुसरी श्रेणी ओळखीतली असणार, असा त्यांना संशय आहे.

पण अप्पांची खरी कॉलर ताठ होते ती कार्ल्यावर. पेठेतून कार्ले फार लांब नाही, मध्ये लोहगड-विसापूरचा डोंगर आहे एवढंच. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर उषवदाताचा लेख आहे: वलूरक लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी करजिक नावाचं गाव दिलं. वलूरक म्हणजे आजचं कार्लेच. आणि तिथंच दुसरा लेख आहे, मामाल भागातल्या अमात्याला पाठवलेली राजाज्ञा: वलूरकच्या भिक्षूंना करजक गाव दिलं आहे. या लेखाची सुरुवात झिजली आहे, पण अभ्यासक तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात. मामाल म्हणजे आपलं मावळ. भिक्षू तेच, लेणं तेच, गावही तेच; दाता बदलला. नाण्यावर जे केलं तेच राजानं दानावर केलं. गावातल्या माणसांना त्या दिवशी सकाळी उठून काही वेगळं वाटलं असेल, असं मला वाटत नाही. म्हशीनं तेवढंच दूध दिलं असणार. पण पुण्य एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं.

हा लेख जोगळटेंभीपेक्षा मला मोठा वाटतो. नाणं पुन्हा ठोकायला निदान घण लागतो. इथं नुसतं एक पत्र लागलं.

अप्पांना यात वेगळाच आनंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या राजाला मावळातल्या एका गावासाठी पत्र पाठवावं लागलं, म्हणजे मावळ महत्त्वाचं. मावळ महत्त्वाचं म्हणजे पेठ महत्त्वाची. आणि पेठेत कोण बसतं, हे समोर दिसतंच आहे. करजक म्हणजे आपलं करंजगावच, असा निर्वाळा त्यांनी दिला आहे. करंजगावच्या पाहुण्यांकडे लग्नाला गेले तेव्हा ही बातमी त्यांनी पंगतीत जाहीर केली. यजमानांनी विचारलं, मग सातबारावर भिक्षूंची नावं लागतील का? त्या पंगतीत अप्पांनी जिलबी परत घेतली नाही.

सातबाराचा विषय निघालाच म्हणून सांगतो. नाशिकलाही गौतमीपुत्रानं हेच केलं. पूर्वी उषवदाताकडे असलेलं शेत त्यानं अठराव्या राज्यवर्षी भिक्षूंना दिलं. पण दानाची घाई त्याला एकदा नडली. चोविसाव्या वर्षीचा लेख सांगतो, की आधी दिलेलं शेत ज्या गावात आहे ते गाव वसलेलंच नाही, शेत कुणी कसत नाही, सबब त्याऐवजी दुसरी शंभर निवर्तनं जमीन द्यावी. एवढा तिन्ही समुद्रांपर्यंत कीर्ती गेलेला राजा, आणि दिलेली जमीन पडीक निघाली! अप्पांना हे मी सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "खाली लोकं नीट नसली की असं होतं." पुढच्या खेपेला मला कळलं, की या प्रकरणात राजाला सावध करणारा एक म्हातारा अमात्य होता आणि त्याचं कुणी ऐकलं नाही. अमात्याला सुपारीची सवय होती.

या चोविसाव्या वर्षीच्या आज्ञेत राजाबरोबर त्याच्या आईचंही नाव आहे. काकूंना गौतमीपुत्र आवडतो तो एवढ्यासाठी. आईचं नाव लावणारा मुलगा, आणि मुलगा गेल्यावर नातवाच्या राज्यात, एकोणिसाव्या वर्षी, नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात त्याचं कौतुक कोरून ठेवणारी आई, गौतमी बलश्री. क्षहरातांचा समूळ उच्छेद केला वगैरे सगळं त्यात आहे. "आईच लिहिणार," काकू चुलीपाशी म्हणाल्या, "बायकोला विचारलं असतं तर लेख छोटा झाला असता."

एक गोष्ट मात्र अप्पा कुणाला सांगत नाहीत. नहपानाच्या तोंडावर घण घालणाऱ्या याच घराण्यानं पुढं आपली चांदीची नाणी पाडली ती राजाच्या तोंडाची. पुळुमावीची, यज्ञ सातकर्णीची, एका बाजूला राजाचं डोकं, अगदी क्षत्रपांच्या नाण्यासारखं. ज्याला पुसलं त्याचीच तऱ्हा उचलली. हे मी अप्पांना सांगून पाहिलं. सुपारी कातरायची थांबली नाही, पण 'हं'सुद्धा आलं नाही, आणि पुढच्या कुठल्याही खेपेला ती गोष्ट परत आली नाही. अप्पांच्या डब्यात न बसणारं नाणं म्हणून मी तिची नोंद करून ठेवली आहे.

डब्याच्या शेवटच्या कप्प्यात, लाल चिंधीत, अप्पांचं 'जोगळटेंभी' असतं. हो, स्वतःचं. डोंगर आहे, डोंगराखाली नाक आहे, सगळं आहे. कुठल्याशा जत्रेत घेतलेलं. किती रुपयांना, हे विचारलं की किंमत ऐकणाऱ्याच्या गाडीवर अवलंबून असते. गेल्या हिवाळ्यात एक मुलगी गडावरून उतरली, पाठीला सॅक, गळ्यात दोरीला भिंग. नाणेशास्त्राची विद्यार्थिनी, अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत जाऊन आलेली. अप्पांनी नेहमीची गाडी सोडली: संगम, म्हातारी, साहेब, पाटी, तुंग-लोहगड-तिकोणा. मुलगी शेवटपर्यंत ऐकत होती. असं सहसा कुणी ऐकत नाही. मग तिनं नाणं मागितलं, कडेनं धरलं, भिंग लावलं आणि हळूच गोल फिरवलं.

"अप्पा," ती म्हणाली, "याच्या कडेला शिवण आहे."

अप्पांनी सुपारी खाली ठेवली.

तिनं भिंग त्यांच्या हातात दिलं. दोन साच्यांत ओतलं की मधल्या सांध्याची रेघ कडेवर राहते. नंतर कानस मारली तरी कुठंतरी उरतेच. पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, ओतताना अडकलेल्या हवेचे. अक्षरांचे काठ मेणासारखे मऊ. ठोकलेल्या नाण्याचे काठ धारदार असतात आणि कड बहुधा तडकलेली, कारण घण बसला की धातू पसरतो. "कुणीतरी खऱ्या नाण्यावरून साचा घेतलाय. म्हणून खालचं नाकही आलंय. पण वरचा डोंगर आणि खालचं नाक दोन्ही सारखेच बोथट आहेत बघा. आधी एक, मग दुसरं, असं झालेलंच नाही इथं." तिच्या बोलण्यात टर नव्हती. उलट तिला वाईट वाटत होतं.

अप्पांनी नाणं अंगठ्याच्या नखावर ठेवलं आणि उडवलं. आवाज झाला. तो त्यांनी ऐकला, आणि त्या एका क्षणी मला वाटलं, हा आवाज त्यांनी पहिल्या दिवशीच ऐकला असणार.

मुलगी चहा घेऊन, पाया पडून गेली. आम्ही गप्प बसलो. काकू कपबशा उचलायला आल्या आणि म्हणाल्या, "आणलं तेव्हाच म्हटलं होतं मी. एवढ्या स्वस्तात चांदी येते व्हय?"

"तुला मीच सांगितलं होतं ते," अप्पा म्हणाले.

तेवढ्यात वरून ठाण्याच्या पोरांचा एक घोळका उतरला आणि त्यातल्या एकानं बूट काढला. अप्पांनी चिंधी उलगडली. संगम झाला, म्हातारी झाली, साहेब झाला. मग अप्पांनी नाणं कडेनं धरलं, हळूच गोल फिरवलं आणि आवाज खाली आणला.

"आता हे बघा. बाजारात खोटी नाणी लई आलीत. फसायचं नाही. कडेला शिवण दिसली की समजायचं, ओतीव माल. अक्षरं मेणासारखी, बारीक बारीक खळगे. शिकवायला असावं म्हणून एक मुद्दाम घेऊन ठेवलंय मी." पोरं पुढं सरकली. अप्पांनी इकडं तिकडं पाहिलं आणि माझ्याकडे हात केला. "अरे, ते आपलं भिंग कुठं ठेवलंस?"